जाळी बारीक केल्यावर धाब्याचं तापमान सोळा आकडी येतंय

बोरीकाठची

नमस्कार. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. प्रोजेक्टमध्ये अडकले आहे, जरा लांबलचक लिहिते.

आजीचं घर पारोळा तालुक्यात आहे, धाब्याचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी वर खारी माती पडते, त्यामुळे थर वर्षागणिक वाढतच गेलाय. मी मोजला तो ३० सें.मी. भरला. मे महिन्यात दुपारी आत झोपा, पंख्याचीही फार गरज नाही. रात्री नऊ-दहानंतर मात्र सगळे खाटा घेऊन अंगणात. आजी म्हणते, "दुपारले नही, धाबं रातले तपस." मला हेच गणितानं काढायचंय: वरून निघालेली उष्णता खाली किती तासांनी पोचते?

उष्णतावहनाचं समीकरण घेतलं, पायथनमध्ये लिहिलं. कोड इथं चिकटवला की सगळ्या ओळी मोडतात, म्हणून मुख्य ओळ मराठीतच लिहिते:

नवं तापमान = जुनं + र × (वरच्या बिंदूचं − २ × स्वतःचं + खालच्या बिंदूचं)

र म्हणजे अल्फा गुणिले वेळेची पायरी, भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग. अल्फा म्हणजे मातीत उष्णता किती वेगानं पसरते तो आकडा. मातीचा अल्फा ०.०००००५ च्या आसपास धरायचा ठरलं होतं (चौ. मी. प्रति सेकंद... थांबा, शून्यं चुकली, ०.०००००५ नाही, ०.०००००५ चा दहावा भाग, म्हणजे ५ भागिले एक कोटी). वेळेची पायरी १० मिनिटं. सोपं पडावं म्हणून आधी वरचा पृष्ठभाग एकदम ६० अंशांवर ठेवला, आतली सगळी माती ३० वर, आणि छताची खालची बाजू ३० वर.

५ सें.मी. अंतरावर बिंदू घेतले तेव्हा झकास चाललं. छान उतरता आलेख आला. मार्गदर्शक सर म्हणाले, सहा-सात बिंदूंवर कोण विश्वास ठेवेल, जाळी बारीक कर. म्हणून ५ चं १ सें.मी. केलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. पहिल्याच पायरीनंतर वरून खाली आलेले आकडे:

६०, १२०, ३००, ८४०, २४६०...

आणि छताच्या खालच्या बाजूजवळच्या शेवटच्या बिंदूवर सोळा आकडी संख्या. थोड्या वेळानं सगळीकडे नुसतं नॅन, नॅन, नॅन (म्हणजे 'हा आकडाच नाही'). जाळी बारीक केली की उत्तर सुधारतं असंच शिकले होते. इथं उलटं कसं झालं? दोन रात्री गेल्या. सादरीकरण पुढच्या आठवड्यात आहे.

रावेरचा शीतगृहवाला

ताई, घाबरू नका, हे प्रत्येकाचं एकदा होतंच. मी केळी पिकवायच्या खोल्यांचं काम करतो. तिथं घडाच्या आत थंडी किती वेळात शिरते हे काढताना माझीही केळी एकदा उणे दोन लाख अंशांवर गेली होती.

तुमचा र काढा. ५ सें.मी. ला: अल्फा गुणिले ६०० सेकंद, भागिले ०.००२५. येतो ०.१२. १ सें.मी. ला अंतराचा वर्ग पंचवीस पट लहान झाला, म्हणून र पंचवीस पट: ३. या पद्धतीत र अर्ध्याच्या वर गेला की संपलं. १ सें.मी. हवं असेल तर वेळेची पायरी १०० सेकंदांच्या आत पाहिजे. ५० घ्या, र ०.२५ होईल, निवांत चालेल.

अजून अचूकता हवी तर एक करा: वेळेचा फरक पुढच्या आणि आताच्या पायरीत न घेता पुढच्या आणि मागच्या पायरीत घ्या, मधली पायरी मध्यावर. अंतरात तुम्ही मध्य फरक घेताच, वेळेतही घेतला की चूक एकदम कमी होते.

एन_पाटील_९९

क्रँक-निकल्सन पद्धत वापर ना सरळ. कितीही मोठी पायरी घे, फुटत नाही. विषय संपला.

चाळीसगावचा जुना मास्तर

विषय संपला नाही. तिघांनाही थोडं थांबवतो. निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

बेटा, शीतगृहवाल्यांनी र पकडला ते बरोबर. पण तुझे आकडे नीट बघ. पहिल्या पायरीनंतर दुसऱ्या बिंदूवर (६० चा पृष्ठभाग सोडून मोजतोय) ३०० कसे आले? पायरी सुरू होताना सगळी माती ३० वर होती. या सूत्रात एका पायरीत उष्णता एकच घर सरकू शकते, शेजाऱ्यापलीकडचं कुणाला दिसतच नाही. म्हणजे पहिल्या बिंदूवर १२० येणार (३० + ३ × ३०, कर हिशोब), पण दुसऱ्यावर ३० च राहायला हवेत. तुझ्याकडे दुसऱ्यावर ३०० आले, कारण त्याला शेजारी जुना ३० दिसला नाही, नुकताच लिहिलेला १२० दिसला. तू नवं तापमान आकड्यांच्या त्याच यादीत, म्हणजे त्याच अ‍ॅरेत लिहितेस. दोन अ‍ॅरे ठेव: एक जुना, एक नवा. पायरी पुरी झाली की मगच नव्याचा जुना कर. आणि पायथनमध्ये जुना = नवा असं नुसतं लिहू नकोस, त्यानं एकाच अ‍ॅरेला दोन नावं पडतात आणि रोग परत येतो. प्रत काढ.

तुझं सोळा आकडी गूढही तिथंच सुटतं. तुझ्या पहिल्या फेरीत प्रत्येक बिंदूवर ३० + ३० × ३ चा घात येतोय. पहिल्याला ९० भर, दुसऱ्याला २७०, तिसऱ्याला ८१०. एकोणतिसाव्या बिंदूला ३ चा एकोणतिसावा घात. मोजून बघ, सोळा आकडे भरतात.

आता वाईट बातमी. ही चूक ५ सें.मी. च्या जाळीतही होती. तिथं र ०.१२ होता म्हणून आलेख गुळगुळीत आला आणि तू खूश झालीस. कागदावर मांडशील तर दिसेल: शेजाऱ्याचं नवं तापमान वापरलं की उजव्या बाजूला र गुणिले वेळेनुसार बदलाचा दर एवढी आगंतुक भर पडते. ती डावीकडे नेलीस की अल्फाच्या जागी अल्फा भागिले (१ − र) उभा राहतो. ०.१२ साठी म्हणजे साडेतेरा टक्के मोठा अल्फा. तू आजीच्या धाब्याची माती बदलून टाकलीस आणि संगणकानं चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा सोळा आकडी उत्तर बरं, निदान ओरडून सांगतं.

चूक काढलीस तरी र = ३ ला ते फुटणारच. का, ते बघ. सूत्र असं लिही:

नवं = र × वरचा + (१ − २र) × स्वतः + र × खालचा

तिन्ही गुणकांची बेरीज १. र अर्ध्यापर्यंत असेल तर तिन्ही शून्य किंवा त्याहून मोठे, म्हणजे नवं तापमान ही तिघांची वाटणी झाली. वाटणी कधी सर्वात मोठ्याच्या वर किंवा सर्वात लहानाच्या खाली जात नाही. र = ३ ठेव: ३, −५, ३. आता बिंदू स्वतः जितका गरम, तितका पुढच्या क्षणी गार. दोन अ‍ॅरे वापरूनही दुसऱ्या पायरीत तुझ्या पहिल्या बिंदूवर −३३० येतील आणि दुसऱ्यावर ३००. हातानं कर, चार ओळींचं काम आहे.

किती वेगानं फुटतं? सगळ्यात वाईट आकार घे: एक बिंदू वर, एक खाली, +१, −१, +१, −१. कंसातला दुसरा फरक, म्हणजे फरकांचा फरक, काढ: −१ − २ − १ = −४. म्हणजे त्याच आकाराला उणे चारनं गुणलं. नवा आकार जुन्याच्या (१ − ४र) पट. र = ३ ला उणे अकरा पट, प्रत्येक पायरीत. तुझ्या दहा मिनिटांच्या सहा पायऱ्या म्हणजे एक तास. अकराचा सहावा घात सतरा लाखांच्या वर.

साइनच्या लाटेचंही हेच. तिचा दुसरा फरक घेतला की तीच लाट परत मिळते, फक्त गुणक बदलतो. म्हणून प्रत्येक लाट वेगळी तपासता येते. आर्यभटानं ४९९ साली ज्या-सारणी (ज्या म्हणजे साइन) दिली तिची पहिली वाढ बघ: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०. या वाढींतला फरक १, २, ३, ४, ५. आणि साइनचे आकडे, म्हणजे ज्या, आहेत २२५, ४४९, ६७१, ८९०, ११०५. त्यांना २२५ नं भाग, जवळजवळ तेच १, २, ३, ४, ५ मिळतात. दुसरा फरक ज्येच्या प्रमाणात. तू लूपमध्ये जे लिहिलंस तेच. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, त्याचा. लोक पाटणादेवीला जातात, धबधबा बघतात, डबा खातात आणि परत येतात. असो.

शीतगृहवाले भाऊ, तुमचा दुसरा सल्ला मात्र घेऊ नये. वेळेत मध्य फरक घेणारी पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसननं १९१० सालीच मांडली. दिसायला जास्त अचूक, पण उष्णतेच्या समीकरणाला ती र कितीही लहान घेतला तरी अस्थिरच. तोच रिचर्डसन ज्यानं पुढे हातानं हवामानाचा अंदाज काढला आणि सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलनं बदलेल असं उत्तर मिळवलं. १९२२ च्या पुस्तकात त्यानं ते न लपवता छापलं. (तिथला दोष वेगळा होता, सुरुवातीच्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या आकड्यांचा आपसात मेळ नव्हता.)

पाटील, क्रँक-निकल्सन १९४७ ची, पद्धत चांगली, फुटत नाही हेही खरं. पण "कितीही मोठी पायरी" हे अर्धसत्य. र = ३ ला त्या वर-खाली आकाराचा गुणक (१ − ६) भागिले (१ + ६), म्हणजे −०.७१. वाढत नाही, पण दर पायरीला चिन्ह बदलत रेंगाळतो. हिनं वरचा पृष्ठभाग एकदम ३० वरून ६० केलाय, असा झटका दिला की पहिल्या काही पायऱ्यांत आलेख दात काढून दाखवेल. शिवाय इथं गरज काय? ५० सेकंदांची पायरी, दिवसाला १७२८ पायऱ्या, तीस बिंदू. दिवसाला बावन्न हजार बेरजा-गुणाकार. चहाचा घोट घेईपर्यंत आठवडा होईल. आम्ही फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रामचा कार्डांचा गठ्ठा देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला जायचो, आणि एक स्वल्पविराम राहिला म्हणून कोरा कागद मिळायचा. तुला घाई कसली?

शेवटचं. छताची खालची बाजू तू ३० वर खिळवून ठेवलीस आणि विचारतेस ती कधी तापते. ती कशी तापेल? तू तिला तापूच देत नाहीस. सध्या खालचं टोक बंद धर, म्हणजे तिथून उष्णता बाहेर जात नाही असं: शेवटच्या बिंदूला, नवं = जुनं + २र × (वरचा − स्वतः). आणि वर एकदम ६० नको, दिवसाचं चक्र दे, २४ तासांची साइन.

मग उत्तर आधी कागदावर काढ, यंत्र नंतर. २४ तासांच्या लाटेची मातीत शिरायची खोली म्हणजे (अल्फा × ८६४०० सेकंद भागिले पाय, म्हणजे π) याचं वर्गमूळ. ११.७ सें.मी. येते. ३० सें.मी. म्हणजे तिच्या २.५६ पट. तेवढे रेडियन उशीर, २४ तासांत बदल: ९.८ तास. वर दुपारी दोनला शिखर असेल तर खाली रात्री बाराला दहा-बारा मिनिटं कमी असताना. आजीला सांग, मास्तर सहमत आहे.

बोरीकाठची

सर, काय सांगू. दोन अ‍ॅरे केले, जुना = नवा हीच चूक मी लगेच पुन्हा केली, मग तुमची ओळ परत वाचली आणि प्रत काढली. −३३० आणि ३०० हातानं काढले, तेवढेच आले. मग ५० सेकंद केले आणि चाललं.

५ सें.मी. ची जाळी दुरुस्त करून पुन्हा चालवली. जुना आलेख आणि नवा आलेख एकावर एक ठेवले. फरक डोळ्यांना दिसतो. मी जुना सरांना दाखवून सही घेतली होती...

आता वर पृष्ठभागाला २५ ते ६० चं चक्र दिलं, म्हणजे मध्य ४२.५ आणि वर-खाली १७.५. हे आकडे हवेतले नाहीत. कॉलेजमधून डीएस१८बी२० हे तापमानाचे दोन सेन्सर आणले होते, एक धाब्यावर मातीत पातळसा पुरला, एक आत फळीला चिकटवला. पाच दिवसांची नोंद आहे. मधे एक रात्र लाइट गेल्यामुळे गायब.

प्रोग्राम म्हणतो खाली शिखर रात्री ११:५० ला. सेन्सर म्हणतो १०:४० च्या सुमारास. चढउतार प्रोग्राममध्ये ५.४ अंश, सेन्सरमध्ये फक्त ४. सेन्सरची चूक अर्धा अंश असू शकते असं लिहिलंय. अल्फा थोडा वाढवला तर वेळ जुळते, ५ ऐवजी ६.४ (भागिले एक कोटी) केला की बरोबर बसतं. तसं करू का?

रावेरचा शीतगृहवाला

मास्तर, रिचर्डसनवाली गोष्ट मान्य. घरी करून पाहिली, र ०.१ ला सुद्धा गेली कामातून. मी हे लोकांना सांगत होतो, अवघड आहे. ताई, पहिले दोन-तीन दिवस आलेखातून टाकले का? सगळी माती ३० वर ही सुरुवात खोटी आहे, ती विसरायला धाब्याला वेळ लागतो.

बोरीकाठची

हो दादा, सात दिवस चालवून फक्त शेवटचा घेतला. पाचवा आणि सातवा दिवस तंतोतंत सारखे आहेत.

चाळीसगावचा जुना मास्तर

अल्फाला हात लावू नकोस. कारण तुझ्याच आकड्यांत आहे.

अल्फा ६.४ केलास तर वेळ जुळेल, पण लाट जास्त खोल शिरेल आणि चढउतार ५.४ वरून ७ च्या वर जाईल. तुझा सेन्सर ४ म्हणतोय. एक जुळवताना दुसरं लांब गेलं. म्हणजे खोट मातीत नाही, टोकात आहे. मीच तुला खालचं टोक बंद धरायला सांगितलं होतं, सोपं म्हणून. खरं छत खोलीतल्या हवेला उष्णता देतं. आजी उगाच खाट अंगणात नेत नाही.

सेन्सरच्या अर्ध्या अंशाची काळजी वेळेसाठी करू नकोस. ती चूक दिवसभर जवळपास तेवढीच राहते, शिखराची जागा हलवत नाही.

शेवटच्या बिंदूच्या सूत्रात एक पद वाढव: वजा २र × ब × (स्वतः − खोलीचं तापमान). ब म्हणजे छताकडून हवेला उष्णता देण्याचा गुणांक गुणिले अंतराची पायरी, भागिले मातीची उष्णतावाहकता. घरातल्या शांत हवेला, छताकडून होणाऱ्या उत्सर्जनासह, ८ वॅट प्रति चौ. मी. प्रति अंश आणि मातीला ०.८ धरून बघ. ब ०.१ येतो. त्या बिंदूवर र ची मर्यादा अर्ध्यावरून ०.४५ वर येते, तू ०.२५ वर आहेस, चालेल. कागदावरचा माझा अंदाज असा की शिखर तासाहून थोडं जास्त अलीकडे येईल आणि चढउतार ३ च्या थोडा वर राहील. खोलीची हवा मी स्थिर धरलीय. तीही दिवसभर वर-खाली होते, ते घातलंस तर ४ च्या जवळ सरकायला हवं. दोन्ही चुका एकाच दुरुस्तीनं, एकाच वेळी कमी होतायत का, एवढंच बघ.

आणि फळ्या-काटक्यांचा थर तू अजून घातलेलाच नाहीस. घालशील तेव्हा माती-लाकडाच्या सीमेवर उष्णतावाहकतेची साधी सरासरी घेऊ नकोस, हरात्मक (व्यस्तांकांची सरासरी काढून तिचा व्यस्तांक) घे. दोन थर एकामागे एक म्हणजे दोन रोध एकसरीत.

जुन्या आलेखावरची सही खोडू नकोस. दोन्ही आलेख शेजारी लाव आणि खाली अल्फा भागिले (१ − र) लिही. परीक्षक तिथंच थांबेल.

बोरीकाठची

१०:३५. चढउतार ३.३, खोलीची हवा घातल्यावर ३.९.

आजीला आलेख दाखवला. तिनं विचारलं, हे काढायला सेन्सर कशाला लागला, मला विचारलं असतंस तर वेळ सांगितली असती. मग किती वाजता म्हणून विचारलं, तर म्हणाली, "भजन सुटस तवय." आमच्या गावात भजन साडेदहाला सुटतं.